सगळ्यात बारीक भुकटी

"पण याहून बारीक असतं तरी काय, मॅडम?"

विक्रांत पाथरवटने काचेची बाटली टेबलावर ठेवली. जपून ठेवली, पण ठेवल्याचा जरा आवाज होईल, इतपतच जपून.

मुजावर मॅडमनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. बाटलीकडे पाहिलं. मग पुन्हा हातातल्या पान्याकडे.

शमीम मुजावर औषधनिर्माण शिकवता शिकवता निवृत्त झाल्या होत्या. म्हणजे हारतुरे झाले, भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळेला पुन्हा हजर झाल्या. कृष्णाकाठच्या त्या कॉलेजमागे पत्र्याची एक लांब शेड होती. आत त्यांचं यंत्र. मॅडमचं आडनाव मुजावर, म्हणून पोरांनी त्या शेडला 'दर्गा' असं नाव पाडलं होतं. मॅडमना ते ठाऊक होतं. आवडतही असावं.

विक्रांतने झाकण उघडलं. तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी होती. तिचा एक धागा वर आला आणि उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहिला.

"बघा. खाली यायचं नाव नाही."

"हो," मॅडम म्हणाल्या. "बसत नाही."

विक्रांतला ते कौतुक वाटलं.

टेबलावरचा फोन थरथरला. 'आबा' अशी अक्षरं उमटली. विक्रांतने फोन पालथा घातला.

मॅडमनी ते पाहिलं.

"आज तुम्ही फक्त हो म्हणा," विक्रांत म्हणाला. "संध्याकाळच्या गाडीने ही पुण्याला जाईल. प्रत्येक गटाकडून एकच नमुना मागवलाय. तिथल्या डॉक्टरांनी आपला निवडला, तर पुढे रुग्णांवर चाचणी. नाही निवडला, तर..."

"तर?"

"तर इथंच थांबलं सगळं. कच्चं औषध संपत आलंय. पुन्हा कोण देणार?"

"कुठं जायचंय तिला?"

"पुण्याला. म्हटलं ना."

"भुकटीला विचारतेय मी."

"फुप्फुसात, मॅडम. अगदी तळापर्यंत."

"हं..."

त्या 'हं'चा अर्थ लावण्यात विक्रांतची पाच वर्षं गेली होती.

यंत्र दिसायला काहीच नव्हतं. एक जाड पोलादी भांडं, त्याला बोटभर काचेची खिडकी. सोड्याच्या बाटलीत फसफसतो तोच गॅस या भांड्यात कोंडायचा, दाबायचा आणि जरा कोमट करायचा. खिडकीतून आधी खाली द्रव दिसतो, वर वायू, मध्ये एक स्वच्छ रेघ. ऊब वाढते तशी रेघ थरथरते, धूसर होते आणि पुसली जाते. आता आत जे असतं ते धड पाणी नाही, धड वारा नाही. पाण्यासारखं ते औषध विरघळवतं आणि वाऱ्यासारखं कुठंही शिरतं. मग त्याला केसाएवढ्या भोकातून बाहेर सोडायचं. दाब सुटला की गॅस हात झटकून निघून जातो आणि त्याने उचललेलं औषध मागे राहतं, धुळीसारखं.

जितक्या झटक्यात सोडाल, तितकी धूळ बारीक.

झटक्यात सोडण्यात विक्रांतचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे त्याने स्वतःच बऱ्याच जणांना सांगितलं होतं.

"बारीक झाली की खोल जाते," मॅडम म्हणाल्या. "असं कुणी सांगितलं तुला?"

विक्रांत जरा गडबडला. पुस्तकात काय लिहिलंय ते त्याला पाठ होतं. दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीचा अगदी लहानसा हिस्सा. मोठा कण घशातच आपटतो. फार बारीक झाला तर... पहिल्या वर्षी त्याने स्वतःच हे फळ्यावर लिहिलं होतं. दोन-तीन मायक्रॉनची भुकटी करूनही दाखवली होती.

पण मग एकदा झडप हातातून निसटली, दाब धाडकन सुटला आणि त्याहून कितीतरी बारीक भुकटी पडली. हैदराबादच्या परिषदेत त्याने ती दाखवली तेव्हा अख्खं सभागृह उभं राहिलं. परदेशातल्या एका पांढऱ्या केसांच्या शास्त्रज्ञाने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. त्या दिवसापासून विक्रांतला एकच वेड लागलं. आणखी बारीक, त्याहून बारीक.

"पुस्तकातली मापं जुनी आहेत, मॅडम," तो म्हणाला. "एवढं बारीक तेव्हा कुणाला करताच येत नव्हतं."

"तपासलीस?"

"तपासली तर! आपल्या त्या नकली श्वासाच्या यंत्रावर लावली. सगळी भुकटी शेवटच्या जाळीपर्यंत पोचली. सगळी!"

"ते यंत्र श्वास आत घेतं."

"हो."

"बाहेर सोडतं का?"

विक्रांतने वळून यंत्राकडे पाहिलं.

"चल बाहेर," मॅडम म्हणाल्या.

शेडबाहेर शिरीषाचं झाड होतं. सकाळचं ऊन पानांतून खाली येत होतं. मॅडम पारावर बसल्या. विक्रांत उभा राहिला.

"काढ."

"काय, मॅडम?"

"डाव्या खिशात आहे ते."

विक्रांतच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्याकडे माणूस चाळिशीला टेकला तरी बापासमोर सिगरेट पेटवत नाही. गुरूसमोर तर बातच सोडा. गेली पाच वर्षं तो पाण्याच्या टाकीमागे जायचा, परत येताना चूळ भरायचा, लवंग चघळायचा, बोटांना कडुलिंबाचा पाला चोळायचा. इतका बंदोबस्त तर चोरही करत नाहीत.

"मी... म्हणजे कधीतरीच, मॅडम..."

"लवंगेचा वास रोज येतो. काढ. पेटव."

"तुमच्यासमोर?"

"टाकीमागची मला इथं बसून दिसत नाही."

पहिली काडी विझली. दुसरी लागली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. जमिनीला तेवढी सवड नव्हती.

"आत घे."

त्याने घेतला.

"अर्धवट नको. छाती भरून."

त्याने छाती भरली.

"धर..."

झाडावर एक भोरडी ओरडत होती. विक्रांतच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सोड."

धूर बाहेर आला. उन्हात निळसर दिसला. सरळ वर गेला, पसरला आणि तिथंच तरंगत राहिला. खाली यायचं नाव नाही.

"किती राहिला आत?"

"काही राहतो, मॅडम. नाहीतर नुकसान कशाने झालं असतं?"

"राहतो. आणि हा?" मॅडमनी समोरच्या निळ्या ढगाकडे बोट केलं.

"हा... परत आला."

"का आला?"

विक्रांत धुराकडे बघत राहिला. उत्तर त्याला येत होतं. पहिल्या वर्षापासून येत होतं.

"बारीक आहे म्हणून," तो म्हणाला. "हवेबरोबर आत गेला, हवेबरोबर बाहेर आला. कुठं टेकलाच नाही."

"तुझी भुकटी केवढी?"





"एवढीच."

हातातली सिगरेट जळत होती. ती टाकायचीही त्याला आठवण राहिली नाही.

पण पाच वर्षांचा अभिमान असा एका झुरक्यात उतरत नाही. त्याने मान वर केली.

"हैदराबादला एवढे मोठे मोठे लोक होते, मॅडम. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"ऐकलंय मी."

"मग ते सगळे चुकले?"

"त्यांच्यातल्या कुणाला दम लागत होता?"



मॅडमनी पदराने चष्मा पुसला. मग अगदी साध्या आवाजात, घरची विचारपूस करावी तसं विचारलं,

"आबांच्या छातीत काय आहे रे?"

विक्रांतच्या कपाळाची शीर उडाली. राग आला, सरळ राग आला. "आबांना यात आणू नका, मॅडम."

"मी आणलं?" मॅडम म्हणाल्या. "पहिल्या दिवशी याच पारावर तू आणलंस त्यांना. मार्क तर दुसऱ्या पोराचे जास्त होते. जागा तुला दिली."

ते खरं होतं.

विक्रांतचे वडील दौलत पाथरवट माणदेशातल्या गावोगावच्या पिठाच्या गिरण्यांवर जायचे, दगडाला टाकी लावायला. गिरणीचा दगड झिजून गुळगुळीत झाला की पीठ जाडं पडतं. मग दगड उतरवायचा आणि छिन्नी-हातोडीने पुन्हा खरबरीत करायचा. बंद खोलीत, दगडावर वाकून, तोंडाला धड फडकं नाही. आबा घरी यायचे तेव्हा भुवया, मिश्या, पापण्या सगळं पांढरं असायचं. लहानपणी विक्रांतला ते बघून हसू यायचं.

आता आबांना उंबरा ओलांडला की बसावं लागत होतं. फुप्फुसं घट्ट होत चालली होती. ती चाल मंद करणारं औषध होतं, गोळीत होतं. पण गोळी आधी पोटात जायची, तिथं आग पेटवायची, आणि छातीपर्यंत पोचायचं ते थोडंच. आबांनी गोळ्या सोडल्या. हेच औषध सरळ श्वासातून गेलं तर चिमूटभरही पुरेल, एवढीच विक्रांतची कल्पना होती. एवढ्यासाठी तो या शेडमध्ये आला होता. परवा होवो नाहीतर दहा वर्षांनी, पण ते औषध झालं पाहिजे, असं त्याने पारावर बसून ठणकावून सांगितलं होतं.

आबा फोन करायचे. "जेवलास..." मग मोठा श्वास. "...न्हवं?" मग आणखी एक. दोन शब्दांचं बोलणं, मध्ये सगळी धाप. विक्रांतला ती धाप ऐकवत नसे. त्यानंतर हाताला काम सुचत नसे. म्हणून तो "कामात आहे, आबा" म्हणून फोन ठेवायचा. हल्ली उचलतच नव्हता.

"काय आहे छातीत?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

"दगडाची धूळ."

"कधी गेली?"

"मी जन्मायच्या आधीपासून."

"निघाली?"

"नाही. ती निघत नसते, मॅडम. एकदा बसली की..."



"केवढी असते?"

शिरीषाची एक शेंग टपकन पारावर पडली. विक्रांतच्या बोटांना चटका बसला. सिगरेट संपली होती.

"दोन," तो म्हणाला. "दोन-तीन मायक्रॉन."

मॅडम उठल्या, साडी झटकली आणि शेडमध्ये गेल्या.

विक्रांतला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती. ती बाटली तशीच पाठवली तर निवड होणार हे त्याला पक्कं माहीत होतं. डॉक्टरांपुढे तपासणीचे आकडे जातील, आकडे डोळे दिपवणारे होते. कुणी त्यांना झाडाखाली नेऊन धूर काढायला लावणार नव्हतं. पुढे चाचणीत भुकटी फसली तरी तेव्हाचं तेव्हा बघता आलं असतं. तोवर नाव झालेलं असतं.

कुणाला कळणार नव्हतं.

त्याने खिशातलं पाकीट काढलं, मुठीत चुरगाळलं आणि आत गेला.

"मॅडम, कच्चं औषध एकाच घाण्यापुरतं उरलंय."

"हो."

"आता नव्याने केलं आणि बिघडलं, तर?"

"तर ही बाटली आहेच. टाळ्याही आहेत."

"जमलं, तरी लोक म्हणतील मागे आलास. पहिल्या वर्षीचंच माप पुन्हा घेऊन आलास."

"म्हणतील."

"मग तुम्हीच सांगा ना, मी काय करू?"

मॅडमनी हात पुढे केला.

"पाना दे."

विक्रांतने टेबलावरचा पाना उचलला. मॅडमना दिला नाही. स्वतःच वाकला आणि केसाएवढ्या भोकाची ती तोटी काढायला लागला. ती तोटी त्याने परदेशातून मागवली होती, मखमली डबीत ठेवत असे.

फडताळात जुनी तोटी होती, मोठ्या भोकाची. विक्रांत तिला चारचौघांत 'नळ' म्हणायचा. त्याने नळ पुसला, फुंकला, बसवला. पुढे एक लांब कोमट नळी जोडली, म्हणजे बाहेर पडलेल्या कणाला जरा वाट मिळेल, अंग धरायला थोडी सवड मिळेल.

उरलंसुरलं औषध भांड्यात गेलं. गॅस कोंडला. दाब चढला. खिडकीत रेघ दिसली, थरथरली, धूसर झाली आणि पुसली गेली.

विक्रांतने झडपेवर हात ठेवला.

हात झटक्याला सोकावलेला होता. मनगट आपसूक वळायला लागलं. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि झडप हळूहळू, जिवावर आल्यासारखी उघडली. फुस्स... असा बारीक आवाज सुरू झाला. मॅडम स्टुलावर बसून ऐकत होत्या.

आवाज चालू राहिला. मग घोगरा झाला. मग बंद.

"तुंबलं," विक्रांत पुटपुटला.

सुटणारा गॅस कडाक्याचा गार होतो. तोटीवर पांढरं बर्फ साचलं होतं. अर्धं औषध अजून आत होतं, आणि दुसरं औषध नव्हतं. अशा वेळी काय करायचं ते त्याच्या हाताला पाठ होतं. झडप धाडकन पूर्ण उघडायची, एका दणक्यात सगळं मोकळं. पण मग पुन्हा धूर. आत उरलेलं सगळं औषध, धूर.

त्याने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी डोळे मिटून घेतले होते.

हात झडपेवर होता. पालथा फोन टेबलावर पुन्हा थरथरला आणि थांबला.

विक्रांतने झडप बंद केली.

किटलीत चहाचं पाणी उकळत होतं. त्याने फडका त्यात बुडवला, पिळला, हात भाजले तरी पिळला आणि तोटीभोवती गुंडाळला. गार झाला की पुन्हा बुडवला. लहान पोराचा पाय शेकावा तसा तो त्या लोखंडाला शेकत बसला. चहाची वेळ टळली. मॅडमनी चहा मागितला नाही.

बर्फ वितळलं. थेंब पडले. त्याने तोटी कोरडी केली आणि पुन्हा झडप उघडली. केसभर. मग आणखी केसभर.

फुस्स...

दुपार कलली तेव्हा भांडं रिकामं झालं. विक्रांतने खालचं झाकण काढलं. भुकटी पडली होती. त्याने ती बाटलीत भरली, चिमूटभर काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"मॅडम... दोन ते तीन. सगळे कण. एकही वावगा नाही."

त्याने बाटली उन्हाच्या तिरिपेत धरून उघडली.

काहीच वर आलं नाही. रांगोळीच्या पिठासारखी साधी भुकटी तळाशी बसून होती. दिपून जावं असं तिच्यात काही नव्हतं. सकाळची बाटली शेजारीच होती. त्याने ती उचलली आणि फडताळात मागे, नळाच्या रिकाम्या जागी ठेवून दिली.

मग तो श्वासाच्या यंत्रापाशी गेला. पंपाचा खटका लावला आणि श्वासाचा जोर ठरवणाऱ्या तबकडीवर बोट ठेवलं. गाडीला अजून वेळ होता. आता हिंमत आली होती, आणि सकाळपासूनचा प्रश्न अजून बाकी होता.

"यंत्रावर एकदा लावतो, मॅडम. ठीक निघालं तर हो म्हणाल?"

"लाव की."

"श्वास किती जोराचा धरू? नियमात धडधाकट माणसाचा दिलाय. नेहमी तोच धरतो."



टेबलावर फोन थरथरायला लागला. विक्रांतचा हात सवयीने तिकडे गेला, गप्प करायला.

मॅडमनी त्याच्या आधी फोन उचलला, उताणा केला आणि त्याच्यापुढे धरला. काचेवर 'आबा' अशी अक्षरं होती.

"घे," त्या म्हणाल्या. "आधी तो श्वास ऐक."